लाईन गेली, मोटर सुटली!

मी मोताळ्याचा. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून कुठलंही सर्किट पाहिलं की मला पहिला प्रश्न पडतो : लाईन गेल्यावर हे काय करेल? मित्रांनो, ‘मोटर थांबेल’ हे उत्तर नेहमीच खरं नसतं.

सर्वो अॅम्प्लिफायरमध्ये सप्लाय दोन : कंट्रोलचा ±१५ व्होल्टचा आणि मोटरचा वेगळा. लाईन गेल्यावर +१५ आणि -१५ एकाच वेळी पडतील असं नाही. एक बाजू आधी पडली की ऑप-अॅम्पचं आउटपुट एकीकडे झुकू शकतं. मोटरच्या कपॅसिटरमध्ये तर अजून जीव असतो. ४७०० मायक्रोफॅरड, ६० व्होल्ट म्हणजे सुमारे ८.५ ज्यूल. एवढ्यात एक किलो वजन ८५ सेंटिमीटर वर जाईल. मध्ये बोट असलं तर?

उपाय तीन :

१) प्रत्येक मॉसफेटच्या गेट-सोर्समध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. ड्रायव्हर मेला तरी गेट बंद राहतो.

२) ±१५ वर नजर ठेवणारा कम्परेटर. कुठलीही बाजू घसरली की त्याने ड्रायव्हर लगेच बंद करावा. आय.आर.२११० मध्ये अशी सोय आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या सप्लायपुरतीच.

३) रिले. तो सुटला की मोटर अॅम्प्लिफायरपासून तुटून रेझिस्टरला जोडली जाते आणि जनरेटर बनून स्वतःलाच ब्रेक लावते. ओढलेला रिले बऱ्याच कमी व्होल्टेजपर्यंत धरून राहतो, म्हणून कॉइलही कम्परेटरनेच तोडावी.

मलकापूरला थांबणाऱ्या गाडीचंही तत्त्व हेच : पाईपमधली हवा गेली की ब्रेक लागतो. तेव्हा प्रोजेक्ट दाखवण्याआधी एकदा मेन स्विच पाडून बघाच!