मोटारीचे विटलेले प्लास्टिक आणि त्यावरील रंगकाम

आमच्या व्यापारी बंधूंपैकी जे रंगाचा अथवा मोटारीच्या सुट्या भागांचा व्यवसाय करितात, त्यांच्या पेढीवर एक तक्रार वरचेवर येते. गाडीचा पत्रा अद्याप चकचकीत असतो, परंतु बंपर, आरशाचे कवच, मोटरसायकलीचे मडगार्ड हे प्लास्टिकचे भाग राखेसारखे पांढुरके झालेले असतात. गिऱ्हाईक फवाऱ्याच्या रंगाचा डबा मागते, आपण तो देतो, आणि महिन्याभरात तेच गिऱ्हाईक रंगाचे पोपडे हातात घेऊन परत येते. दोष रंगाचा की लावणाऱ्याचा, यावर वाद होतो. आमच्या अनुभवाने बहुधा दोष दोघांचाही नसतो; कोणत्या प्लास्टिकावर काय लावावे हे सांगावयाचे आपणच विसरलेलो असतो.

प्रथम रंग विटतो का, ते पाहू. कर्कवृत्त उज्जैनपासून हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या वेधशाळेतील शंकूची सावली २१ जूनच्या मध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. त्या उन्हातील अतिनील किरण प्लास्टिकच्या लांबच लांब रेणुशृंखला तोडतात. पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतील भुकटी उघडी होते आणि प्रकाश विखुरला जाऊन काळा रंग करडा भासतो. काजळी मिसळलेले काळे प्लास्टिक इतरांहून अधिक टिकते खरे, परंतु तेही अमर नाही. तेल अगर पॉलिश चोळले की भेगा भरतात व भाग पुन्हा काळा दिसतो. पहिल्या पावसात ती शोभा वाहून जाते.

आता प्लास्टिक म्हणजे एकच पदार्थ नव्हे. बंपर बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलीच्या नात्ता यांनी १९५४ साली सिद्ध केलेला हा पदार्थ. जर्मनीच्या त्सीग्लर यांजबरोबर त्यांस १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्कूटर व मोटरसायकलींची रंगीत कवचे पुष्कळदा एबीएसची असतात. एबीएस रंगास आपलेसे करते. पॉलिप्रॉपिलीनवर रंग म्हणजे अळवावरचे पाणी. तो पसरतो, वाळतो, पण आत रुजत नाही. कारखान्यांत याच कारणास्तव बंपरावरून ज्योत फिरवून मगच रंग देतात. आपल्याकडे त्याऐवजी क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा पारदर्शक प्राइमर प्रथम द्यावयाचा असतो. बाजारात तो प्लास्टिक प्राइमर म्हणून मिळतो. पण त्या नावाचे सर्वच डबे पॉलिप्रॉपिलीनसाठी नसतात, म्हणून लेबल वाचल्याखेरीज विकू नये.

भाग कोणत्या जातीचा, हे त्याच्या आतील बाजूस उमटविलेल्या अक्षरांवरून कळते: पीपी किंवा एबीएस. काही कारागीर आतून एक कपची खरवडून पाण्यात टाकतात. तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाली तर एबीएस. ही कसोटी अर्धवट आहे. बंपरात शंखजिऱ्याची पूड पुष्कळ मिसळलेली असेल तर पॉलिप्रॉपिलीनही बुडते. सबब भरवसा अक्षरांवर ठेवावा.

आमच्याच दुकानी घडलेली गोष्ट सांगतो. २०२२ साली महाकाल लोक खुला झाल्यानंतर यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने आमच्याकडून काळा रंग नेऊन बंपर रंगविला. गाडी नीटस दिसली तरच भाडे मिळते, असे तो म्हणे. आषाढातल्या पहिल्या धुण्यातच रंग पापडासारखा सुटला. आम्ही पैसे परत केले. त्याचे दोन दिवसांचे भाडे मात्र बुडाले ते बुडालेच. चौकशी करता कळले की, बंपरावर वर्षभर सिलिकोनचे पॉलिश चोळलेले होते, आणि ते पॉलिशही आमच्याच फळीवरचे! सिलिकोनच्या कणाभर अंशानेही रंगात माशाच्या डोळ्यांसारखी छिद्रे पडतात.

त्यानंतर आम्ही गिऱ्हाइकास सांगतो ते असे. भाग आधी साबणाच्या पाण्याने दोनदा धुवावा, मग सिलिकोन काढणाऱ्या द्रवाने पुसावा. घासकाम धुण्यानंतर, आधी घासल्यास मळ भेगांत ठासला जातो. ४०० व पुढे ६०० नंबरचा पाणकागद पुरे. पुन्हा पुसून पॉलिप्रॉपिलीनवर प्राइमरचा पातळ हात द्यावा आणि डब्यावर लिहिलेल्या अवधीतच रंग चढवावा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात बरे. शेवटी अतिनील किरण रोखणारे क्लिअर. एबीएसवर तीव्र थिनर कदापि वापरू नये, ते तडकते. शिरस्त्राण रंगवून मागणाऱ्यास आम्ही सरळ नकार देतो. थिनरने त्याचे कवच आतून दुबळे होते, आणि ते बाहेरून दिसत नाही. खडबडीत दाणा असलेला काळा भागही आम्ही रंगवू देत नाही. रंगाने दाणा बुजतो. त्यास ट्रिमसाठीचे काळे लेपन पुरेसे होते.

ऋतूचेही पाहावे. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढरी झाक येते. वैशाखाच्या झळांत रंग पृष्ठभागी पोहोचण्याआधीच वाळून खरखरीत बसतो. दिवाळीनंतरच्या महिन्यांत दुपारची वेळ उत्तम.

एक गोष्ट विशेष. दोन डब्यांच्या रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळात ज्या वायूने अनर्थ केला, तो याच कुळातला. हार्डनरमधील द्रव्य त्याइतके उडून जाणारे नाही, तथापि त्याचा फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. आपले रंगारी तोंडास गमछा बांधून हे काम करितात. गमछा यात काहीच अडवीत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. तो नसेल त्या कारागिरास आम्ही एका डब्याचाच रंग देतो, मग तो कमी टिकला तरी चालेल. २०२८ चा सिंहस्थ समोर आहे, गाड्या सजविण्याची घाई होणार, आणि दोन डब्यांच्या मालात नफा अधिक आहे, हे आम्हांस ठाऊक आहे.

त्या टॅक्सीवाल्याचा बंपर आम्ही पुढील कार्तिकात आमच्या खर्चाने पुन्हा करवून दिला. पॉलिशची फळी आता रंगाच्या फळीपासून दूर, दाराजवळ आहे.