पोटॅशियम, रक्तशर्करा आणि गरोदर मातेचे आरोग्य

नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी शेतकऱ्यांच्या चांगली परिचयाची आहे. यांपैकी पालाशातील मूलद्रव्य म्हणजे पोटॅशियम. पिकाप्रमाणेच मानवी शरीरालाही त्याची नित्य गरज असते, ही गोष्ट मात्र तितकीशी सर्वपरिचित नाही. रक्तातील साखरेचा समतोल राखण्यात आणि म्हणूनच गरोदर मातेच्या आरोग्यात या क्षाराचे स्थान महत्त्वाचे आहे.

इन्शुलिनचा सहकारी

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे सामान्यतः ३.५ ते ५ मिलिमोल एवढेच असते. परंतु हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन त्यावर अवलंबून असते.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातील विशिष्ट पेशींच्या आवरणावरील पोटॅशियमची सूक्ष्म द्वारे मिटतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरते आणि इन्शुलिन रक्तात सोडले जाते. हे इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींत नेते. शरीरात पोटॅशियमची तूट पडल्यास इन्शुलिनचा स्राव मंदावतो. अमेरिकेतील वैद्यक जेरोम कॉन यांनी १९६५ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले होते. रक्तदाबावरील काही मूत्रल औषधांमुळे पोटॅशियम घटते, तेव्हा रक्तशर्करा वाढल्याचेही आढळते. तथापि पोटॅशियम हे मधुमेहावरील औषध नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

गरोदरपणातील वाढता भार

गरोदरपणी वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन पुरविता आले नाही, तर गरोदरपणातील मधुमेह उद्भवतो. त्याची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत; परिणाम मात्र गंभीर असतात. बाळाचे वजन अवाजवी वाढून प्रसूती अवघड होते, जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी उतरू शकते आणि मातेला पुढे मधुमेह जडण्याचा संभव वाढतो.

याच काळात उलट्या दीर्घकाळ चालू राहिल्यास पोटॅशियम कमी होते. अतिशय अशक्तपणा, पायांत गोळे येणे, छातीत धडधडणे ही लक्षणे दिसल्यास 'गरोदरपणी असे व्हायचेच' म्हणून दुर्लक्ष न करता रक्ततपासणी करून घ्यावी.

आहार हाच मार्ग

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियमची शिफारस केली. मूग, मटकी, तूर, राजगिरा, पालक, शेवग्याचा पाला, रताळे, बटाटा, केळी, दूध-दही व शहाळे यांतून ते मिळते. भाजी उकडून पाणी फेकून दिल्यास त्यातील बराच अंश वाया जातो. ज्या मातेची साखर वाढलेली आहे तिने कडधान्ये, पालेभाज्या व दही यांवर भर द्यावा. केळी, रताळी व बटाटे वैद्यकीय सल्ल्याने बेतानेच घ्यावेत.

पोटॅशियमचा अतिरेकही घातक होय. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांच्या व रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांच्या रक्तात ते साचून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून पोटॅशियमच्या गोळ्या किंवा पोटॅशियमयुक्त मीठ डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

गावाची जबाबदारी

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात; त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास उपचार सुरू होतात. पहिली तपासणी नोंदणीच्या वेळी आणि ती निर्दोष आल्यास दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते. ही दुसरी तपासणीच अनेकदा राहून जाते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या भगिनींच्या बाबतीत हे आठवडे फडावरच उलटून जाण्याची भीती असते. अशा मातांची नोंद निघण्यापूर्वीच घेऊन, त्यांचे कार्ड त्यांच्यासोबत देऊन, ज्या गावी त्या जाणार तेथील आरोग्य केंद्रास कळविणे हे काम पंचायत सदस्य, शिक्षक व आशा कार्यकर्ती यांना सहज करता येईल. ताटातील पालेभाजी आणि वेळेवर झालेली तपासणी या दोहोंनी माता व बालक या दोन जिवांचे रक्षण होते.