उंदराच्या पोटातील परीक्षक

लखनौस गोमतीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा जुना नबाबी राजवाडा आहे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथे केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले आणि बेगमांच्या महालात पांढऱ्या उंदरांचे पिंजरे आले. आता ही संस्था जानकीपुरम भागातील नव्या वास्तूत आहे. जंतांवरील औषधे शोधताना तिच्या शास्त्रज्ञांनी ज्या प्राण्यांची मदत घेतली, त्यांत एक चपटा कृमी आहे: बटू पट्टकृमी.

वाचकहो, याचीच निवड का, असे आपण विचाराल. गाईच्या किंवा डुकराच्या मांसातून येणारा थोरला पट्टकृमी कित्येक मीटर लांब असतो; पण तो पूर्ण वाढतो मनुष्याच्याच आतड्यात. बटू मात्र जेमतेम तीन-चार सेंटिमीटरांचा. त्याची अंडी उंदरास पाजली की सुमारे दोन आठवड्यांत कृमी तयार! मधल्या कोणा प्राण्याची त्याला गरज लागत नाही.

या कृमीला ना तोंड, ना आतडे. अन्न तो त्वचेतूनच शोषतो. औषधालाही बहुधा तीच वाट. औषध दिल्यावर विष्ठेत पांढरे तुकडे पडले म्हणून काम फत्ते झाले असे मात्र समजू नये. चार चूषकांनी व आकड्यांनी आतड्याला चिकटलेले डोके मोहरीहूनही बारीक असते, आणि ते राहिले तर नवे खंड पुन्हा फुटतात. म्हणून संशोधक उंदराचे आतडे उघडून डोकीच शोधतात. हे काम मोठे चिकाटीचे!

याहून अवघड परीक्षा पुढेच आहे. अंड्यातून निघालेली अळी प्रथम आतड्याच्या रसांकुरात शिरून काही दिवस दडून राहते. निक्लोसामाइड हे औषध पोकळीतील कृमी मारते, पण या अळीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून ते सलग सात दिवस द्यावे लागते. १९७० नंतरच्या दशकात आलेले प्राझिक्वांटेल अळीलाही गाठते आणि बहुधा एकाच मात्रेत काम भागवते.

हा कृमी लहान मुलांतही आढळतो. मळलेल्या हातांवरून अंडी तोंडात जातात. इतकेच नव्हे, तर काही अंडी बाहेर न पडता त्याच पोटात फुटतात. तेव्हा वैद्यांनी औषधाचा दुसरा डोस सांगितला असेल, तर मूल बरे दिसते म्हणून तो टाळू नये.