विश्लेषण : सायकलचे चाक सरळ फिरते, पण त्यातला ताण योग्य आहे का?

खड्ड्यातून सायकल गेली आणि रिम ब्रेकच्या रबराला घासू लागली, की दुकानात जाऊन चाकाचा ‘आऊट’ काढून घेतला जातो. दहा मिनिटांत चाक सरळ फिरू लागते. मात्र काही आठवड्यांत ते पुन्हा डुलू लागते किंवा एखादा स्पोक तुटतो. असे का होते? आणि नीट हाताने बांधलेले चाक वर्षानुवर्षे सरळ का राहते?

बारीक तारांवर चाक उभे कसे राहते?

सायकलचा स्पोक साधारण दोन मिलिमीटर जाडीचा असतो. तो उभा धरून वरून दाबला तर लगेच वाकतो, पण ओढला तर मोठा भार सहन करतो. तारेच्या चाकाची रचना याच गुणावर आधारलेली आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी १८७० मध्ये ‘एरियल’ या ताणलेल्या तारांच्या चाकांच्या सायकलचे पेटंट घेतले. पुढे १८७४ मध्ये स्टार्ली यांनी तिरक्या, एकमेकांना छेदून जाणाऱ्या स्पोकची रचना आणली. आजही बहुतांश सायकलींची चाके याच पद्धतीने विणली जातात.

चांगल्या अॅल्युमिनियम रिमच्या चाकात एकेका स्पोकवर सुमारे १०० ते १२० किलो वजनाइतका ताण असतो. ३२ स्पोकच्या चाकात १०० किलो धरले, तरी एकूण ताण ३,२०० किलोंवर जातो. सायकलस्वार बसला की जमिनीजवळच्या काही स्पोकांमधला ताण कमी होतो आणि चाक भार पेलते तो मुख्यतः याच मार्गाने. अमेरिकी अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणितासह मांडले होते. थोडक्यात, मुळात भरपूर ताण असेल तरच त्यातला थोडा कमी होणे चाकाला परवडते.

ताण कमी असला तर काय होते?

खाली आलेला स्पोक पूर्ण सैल पडतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. मोठ्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला तर एका किलोमीटरमध्ये चाक जवळपास ४७५ फेरे घेते. रोज १० किलोमीटर याप्रमाणे ३०० दिवस सायकल चालवली तर हा आकडा १४ लाखांवर जातो. इतक्या वेळा सैल आणि घट्ट होणारा स्पोक हबजवळच्या वळणावर थकतो आणि तिथेच तुटतो. शिवाय सैल स्पोकवरचे निपल हादऱ्यांनी आपोआप उलटे फिरते आणि चाक आणखी ढिले होते. म्हणूनच स्पोक तुटला की तो फार घट्ट होता, हा समज अनेकदा चुकीचा ठरतो.

मग जितके घट्ट तितके चांगले का?

तसेही नाही. मर्यादेबाहेर ताण दिला तर निपलच्या छिद्रांभोवती रिमला तडे जातात, निपलचे कोपरे झिजतात आणि जोराच्या धक्क्याने चाक अचानक इंग्रजी आठच्या आकड्यासारखे पिळवटू शकते. रिम बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा हीच अखेरची रेषा मानायची.

सरळ चाकात दोष लपतो कसा?

रिमची एखादी जागा डाव्या आणि उजव्या स्पोकांच्या ओढीत तोलली गेलेली असते. दोन्हीकडचे स्पोक सारखेच घट्ट असोत वा सारखेच सैल, रिम मधोमधच दिसते. वाकलेली रिमसुद्धा तीन-चार स्पोक जबरदस्तीने आवळून सरळ करता येते. डोळ्यांना चाक सरळ दिसते, पण त्या स्पोकांवर भार एकवटतो आणि शेजारचे ढिले पडतात. घाईत काढलेला आऊट लवकर परत येतो तो याचमुळे. चाक सरळ असणे आणि ताण समान असणे, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

ताण घरी कसा तपासावा?

टेन्शन मीटरने अचूक आकडा मिळतो. तो नसेल तर कान उपयोगी पडतो. एकाच बाजूचे स्पोक निपलजवळ, सारख्याच अंतरावर एकामागून एक छेडावेत. स्पोक सारख्या लांबीचे आणि जाडीचे असतील तर स्वरही जवळपास सारखा यायला हवा. ताणात २० टक्के फरक असेल तर स्वरातला फरक ‘सा’ आणि ‘रे’ यांच्यातील अंतरापेक्षा थोडाच कमी असतो, म्हणजे गाणे न शिकलेल्या कानालाही तो कळतो. एकाच बाजूच्या स्पोकांमधला फरक साधारण २० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा संकेत आहे.

गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकात मात्र दोन बाजूंची तुलना करू नये. तिथे गिअरच्या चकत्यांना जागा देण्यासाठी उजवीकडचे स्पोक जास्त उभे बसवलेले असतात. त्यामुळे डावीकडचा ताण उजवीच्या निम्मा ते दोन-तृतीयांशच असतो. हा दोष नव्हे.

आऊट काढण्याची योग्य पद्धत कोणती?

आधी चाकाचा वर-खाली उडणारा भाग दुरुस्त करतात, मग डावी-उजवीकडचा डोल आणि शेवटी रिम हबच्या बरोबर मध्यावर आहे का ते पाहतात. रिम डावीकडे झुकली असेल तर त्या जागी उजवे स्पोक थोडे आवळायचे आणि डावे थोडे सैल करायचे. दोन्ही केले तरच सरासरी ताण टिकतो. टायरच्या बाजूने पाहता निपल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की स्पोक घट्ट होतो. निपलच्या एका पूर्ण फेऱ्यात स्पोक जवळपास ०.४५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एका वेळी पाव फेरा पुरेसा असतो. डोल अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की रोजच्या वापराला पुरते. चावी निपलच्या मापाचीच हवी, नाहीतर निपल गोल होऊन बसते.

हाताने चाक बांधणारे कारागीर शेवटी समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत घेऊन जोराने दाबतात. त्याने स्पोक हबमध्ये नीट बसतात, पीळ सुटतो आणि चाक पुन्हा तपासता येते. दुकानात बहुतेकदा हीच पायरी गाळली जाते.

चाक कधी दाखवावे? रिम कधी बदलावी?

नवे किंवा नव्याने बांधलेले चाक पहिल्या काही फेऱ्यांनंतर एकदा तपासून घ्यावे, कारण स्पोक तेव्हाच जागेवर बसत असतात. त्यानंतर पावसाळा संपल्यावर एकदा पाहणे चांगले, कारण गंजलेले निपल फिरत नाही आणि ओढाताणीत स्पोक तुटतो. एक स्पोक तुटला तर तो लगेच बदलावा. त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि मग तेही थकू लागतात. महिन्याभरात दुसरा, तिसरा तुटला तर एकेक बदलत बसण्यापेक्षा सगळे स्पोक नवे घालून चाक पुन्हा बांधणे स्वस्त पडते. आणि सगळ्या स्पोकांचा ताण सारखा केल्यावरही रिम वाकडीच राहत असेल तर दोष स्पोकांत नसून रिममध्ये आहे. अशा वेळी आणखी आवळण्याऐवजी रिमच बदलावी.

दुकानदाराला ‘आऊट काढा’ एवढेच न सांगता ‘ताणही बघा’ असे सांगितले, तर वेळ थोडा जास्त लागेल. पण भर रहदारीत पुढचे चाक दगा देण्यापेक्षा तो वेळ कमीच.