बहिणीच्या घरचे जेवण

गेल्या चातुर्मासात माझ्या पत्नीचे निधन झाले. नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला काय सांगावे हे घरात कोणालाच सुचेना, म्हणून ‘आजी गावाला गेली’ असे मीच सांगून टाकले. पुढे कितीतरी दिवस दाराची घंटा वाजली की तो धावत जाई. एके दिवशी त्याने विचारले, “आजोबा, आजी चष्मा न घेता कशी गेली?”

बँकेच्या नोकरीत मृत खातेदारांच्या वारसांचे दावे मी शेकड्यांनी निकाली काढले. कागद तपासताना, आईचा पदर धरून उभ्या असलेल्या मुलांकडे मात्र क्वचितच मान वर करून पाहिले. त्या प्रश्नाने ती मुले आठवली.

इष्टवियोगाचा शोक हे आर्तध्यान, त्याने कर्मबंध होतो, हे आपण व्याख्यानांतून ऐकत आलो आहोत. सिद्धांत खराच आहे. परंतु रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी तो वापरणे मला पटत नाही. ज्या परंपरेने हा सिद्धांत दिला, तिनेच शोकाच्या कथाही जपल्या आहेत.

कल्पसूत्रातील प्रसंग पर्युषणात आपण दरवर्षी ऐकतो. आईला त्रास होऊ नये म्हणून वर्धमान गर्भात निश्चल झाले आणि त्रिशलामाता गर्भाच्या काळजीने शोकाकुल झाली. तिचे दुःख जाणून त्यांनी किंचित हालचाल केली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. दुःख वाचवण्यासाठी पाळलेले मौनच दुःखाचे कारण झाले! मी नातवाशी दुसरे काय केले होते?

दुसरी कथा दिवाळीची. आपल्या पंचांगानुसार आश्विन अमावास्येला पावापुरीस भगवंतांचे निर्वाण झाले, आणि शोकातून सावरलेल्या गौतमस्वामींना प्रतिपदेच्या पहाटे केवलज्ञान प्राप्त झाले. मुलांना आपण येथवरच सांगतो. श्वेतांबर परंपरेत तिसऱ्या दिवसाचीही गोष्ट आहे. नंदिवर्धन हे भगवंतांचे थोरले बंधू. आई-वडील गेले तेव्हा वर्धमान २८ वर्षांचे होते. ‘लगेच तूही जाऊ नकोस’ ही भावाची विनवणी मानून ते आणखी दोन वर्षे घरी राहिले. अशा भावाच्या निर्वाणाने नंदिवर्धन व्याकूळ झाले. कार्तिक शुद्ध द्वितीयेला बहीण सुदर्शना त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, तिने सांत्वन केले, जेवू घातले. तीच आपली भाऊबीज.

गौतमस्वामींची उंची मोठ्यांनाही गाठता येत नाही. राजा असलेल्या, वयाने मोठ्या माणसालाही रडू येते आणि घरचे कोणीतरी त्याला हाताला धरून जेवायला नेते, एवढे मात्र सहा वर्षांच्या मुलाला समजते.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी त्याला जवळ बसवून आजी आता परत येणार नाही, हे सांगितले. तो खूप रडला. मलाही आवरले नाही. मग ही गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, “मग नंदिवर्धन सगळं जेवले?”

“जेवले असतील.”

“रडत रडत जेवले असतील,” तो म्हणाला, आणि सूर्यास्त व्हायच्या आत जेवून घेऊ या म्हणून माझा हात ओढू लागला.