फुलांची वंशावळ

आमच्या दक्षिण महाराष्ट्रांत हेळवी नांवाचे लोक गांवोगांव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगतात. कुळाचा मूळपुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून आला, हें त्यांच्या वहींत सांपडतें. माणसांसाठीं जी व्यवस्था आहे ती परसांतील फुलझाडांसाठीं कां नसावी, याचा आज विचार करावयाचा आहे.

आमचें आष्टा गांव कृष्णा व वारणा या नद्यांच्या मधल्या काळ्या रानांत वसलें आहे. पावसाच्या तोंडीं गुलबक्षी, झेंडू, तेरडा यांच्या बियांच्या पुड्या येथें एका घरून दुसऱ्या घरीं जातात. ही देवाणघेवाण क्षुल्लक नव्हे. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं अशाच रीतीनें देशी बियाणें जपलें व वांटलें. त्याबद्दल त्यांस २०२० सालची पद्मश्री लाभली. तथापि पुडीबरोबर बियांची हकीकत गेली नाहीं, तर घेणाराची निराशा होते.

उदाहरणार्थ, तांबड्या व पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरापासून आलेलें गुलाबी झाड घ्या. त्याचें बीं आपण शेजारीं दिलें व पुडीवर केवळ ‘गुलाबी’ असें लिहिलें. पुढील वर्षीं शेजारच्या अंगणांत सोळा झाडें झालीं, तर त्यांत सुमारें चार तांबडीं, आठ गुलाबी आणि चार पांढरीं निघतील. शेजाऱ्यास वाटेल, आपणांस फसविलें! वस्तुतः दोष कोणाचाच नाहीं. गुलाबी झाडांत दोन्ही कुळांचे गुण एकत्र नांदत असतात व बियांत ते पुन्हा विभागतात. मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्यावरील प्रयोगांतून हा नियम प्रसिद्ध केला. जास्वंदीची फांदी लावली असतां तेंच झाड पुन्हा मिळतें. बियांविषयीं तशी खात्री देतां येत नाहीं.

संकर करण्याची रीत सोपी आहे. गुलबक्षी सायंकाळीं उमलते. म्हणून दुपारींच कळी हलक्या हातानें उघडून आंतील पुंकेसर चिमट्यानें काढून टाकावे. फूल उमललें म्हणजे निवडलेल्या पितृवृक्षाचे पराग स्त्रीकेसराच्या टोंकास लावावे, वर कागदाची लहान पिशवी चढवावी आणि देठास रंगीत दोरा बांधावा. प्रत्येक फुलापासून मिऱ्यासारखें एकच काळें बीं मिळतें. त्यामुळें हिशेब चुकत नाहीं.

आतां वही. तींत प्रथम मातेचें नांव, मग फुलीचें चिन्ह, त्यानंतर पित्याचें नांव लिहावें. जसें, ‘तांबडी × पांढरी’. हा क्रम केवळ शिष्टाचाराचा नाहीं. कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानें १९०९ सालीं चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची गुलबक्षी घेऊन दाखविलें कीं, हिरव्या फांदीवरील फुलाचीं रोपें हिरवीं आणि पांढऱ्या फांदीवरील फुलाचीं पांढरीं होतात. पराग कोणत्याही फांदीचे असोत. कारण पानांस हिरवेपणा देणारे कण मातेच्या बीजांडांतून येतात. पांढरीं रोपें तर थोड्याच दिवसांत मरतात. तेव्हां माता कोण हें न लिहिल्यास परिणामाचें कारणच हरवतें.

त्यापुढें संकराची तारीख, बियांची संख्या, उगवलेल्या रोपांचे रंग आणि बीं कोणास दिलें तें नोंदावें. पिता ठाऊक नसेल तर ‘अज्ञात’ असें स्पष्ट लिहावें. अंदाजानें नांव घालूं नये. बीं सावलींत वाळवून कागदी पुडींत ठेवावें आणि वहींतील क्रमांक व वर्ष पुडीवर घालावें.

पुष्कळदां बागेचा धनी जातो, झाडें राहतात, आणि तीं कोठून आलीं हें सांगणारा कोणी उरत नाहीं. वीस वर्षांचे श्रम मग नुसती रंगीत गर्दी ठरतात. दोन आण्यांच्या वहीचें काम आज दहा रुपयांच्या वहीनें होतें. यंदा पुडी देतांना तिजवर आईबापांचीं नांवें अवश्य घाला, आणि पुडी घेतांना तीं विचारून घ्या.