भांडार कोणतं?

1907 साली चिली देशातल्या वाल्पाराइसो बंदरात टपालानं एक पुस्तिका पोचली. ती निघाली होती पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावहून. लिहिणाऱ्या होत्या मिनी एब्रम्स, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या अमेरिकन सहकारी. जिच्या हाती ती पडली ती मे लुईस हूवर, शिकागोतल्या शिक्षणाच्या दिवसांपासूनची त्यांची वर्गमैत्रीण. मुक्तीत 1905च्या जूनअखेरीस जे घडलं, त्यातून ही पुस्तिका जन्मली होती. दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, टाकून दिलेल्या मुली प्रार्थनेला बसल्या आणि रडू लागल्या, एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. ख्रिस्ती लोक याला संजीवन म्हणतात. मे लुईसचे पती विलिस हूवर वाल्पाराइसोत मेथडिस्ट पाळक होते. पुस्तिका वाचून त्यांची मंडळी प्रार्थनेला लागली आणि 1909मध्ये तिथंही तेच घडलं. चिलीतल्या पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, चळवळीचा इतिहास सांगताना केडगावचं नाव टाळता येत नाही ते यामुळे.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथंच संपवली जाते. मला तिच्यातला पैसा पाहायचा आहे.

1910च्या फेब्रुवारीत मेथडिस्टांच्या वार्षिक परिषदेत हूवर यांच्या शिकवणीवर आरोप ठेवले गेले, आणि त्याच वर्षी ते संस्थेबाहेर पडले. लोक त्यांच्याबरोबर निघाले. प्रार्थनामंदिर मागं राहिलं, कारण ते संस्थेचं होतं. अमेरिकेतून येणारा मिशनऱ्याचा पगार थांबला. उरली ती गोदीतले हमाल, मजूर, धुणं धुणाऱ्या बाया अशांची मंडळी. पाळकाच्या घरात चूल पेटायची तर या लोकांच्या खिशातूनच, आणि त्यांनी ती पेटवली. मजुरीतला दहावा हिस्सा ते देऊ लागले. घराघरांत उपासना झाल्या, मग भाड्याच्या खोल्या आल्या, मग स्वतःच्या जागा. 'इग्लेसिया मेतोदिस्ता पेन्तेकोस्ताल' हा पंथ परदेशी मिशनच्या पैशाविना उभा राहिला. लॅटिन अमेरिकेत त्या काळी अशी उदाहरणं फार थोडी होती, आणि गरिबांचा हा स्वाभिमान मला आजही थोर वाटतो.

या व्यवस्थेचं एक सामर्थ्य 1960च्या दशकात स्विस समाजशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ लालीव्ह देपिने यांनी टिपलं. जुन्या प्रोटेस्टंट संस्थांत पाळक व्हायला सेमिनरीचं शिक्षण लागे, म्हणजे मजुराच्या मुलाला दार जवळजवळ बंदच. पेन्टेकॉस्टल मंडळीत मजूर रस्त्यावर गिटार घेऊन साक्ष देऊ लागे, चार घरं जमवी, मंडळी वाढवी. ती त्याला पोसण्याइतकी झाली की तो पाळक झाला. दशमांश हीच त्याची पदवी होती.

दहावा भाग आला कुठून? बायबलच्या जुन्या करारात इस्राएलच्या बारा वंशांपैकी लेवी वंशाला जमीन नव्हती. मंदिराची सेवा हेच त्यांचं काम. म्हणून बाकीच्यांनी धान्याचा, द्राक्षरसाचा, गुराढोरांचा दहावा भाग द्यायचा. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात हा दशमांश 'भांडारात' आणायला सांगितलं आहे, आणि पेन्टेकॉस्टल उपासनेत अर्पणाच्या वेळी सर्वांत जास्त वाचला जातो तो हाच भाग. दुसरा एक उतारा कमी वाचला जातो, पण मुख्यालयांना तो फार महत्त्वाचा आहे. गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात लेव्यांनाही सांगितलं आहे की मिळालेल्या दशमांशाचा दशमांश तुम्ही याजकाला द्या. मंडळीनं वरच्या संस्थेला पैसा का पाठवायचा, याचं शास्त्रातलं उत्तर म्हणून अनेक पंथ याच ओळींकडे बोट दाखवतात.

पण भांडार म्हणजे नेमकं काय? गावातली मंडळी? तिचा पाळक? की दूरच्या शहरातलं मुख्यालय? यरुशलेमेत मंदिर एकच होतं, म्हणून तिथं हा प्रश्न पडला नाही. गेल्या शंभर वर्षांत पेन्टेकॉस्टल पंथांत जी भांडणं झाली, त्यातली कित्येक पवित्र आत्म्यावरून झाल्यासारखी दिसतात; आत शिरून पाहिलं की भांडाराचा प्रश्न सापडतो.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं क्लीव्हलंड हे गाव घ्या. 'चर्च ऑफ गॉड' या पंथाचं मुख्यालय तिथं आहे. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांत आणि मजुरांत वाढलेला हा पंथ. 1920च्या सुमारास ए. जे. टॉमलिन्सन हे त्याचे सर्वोच्च पर्यवेक्षक होते. त्यांच्यासमोर एक खरी अडचण होती. शहरातल्या मंडळीच्या पाळकाला दशमांश भरपूर मिळे, डोंगरातल्या वाडीवरचा पाळक उपाशी राही, आणि नव्या गावी प्रचाराला जाणाऱ्याला तर देणारं कुणीच नसे. म्हणून 1920च्या महासभेनं ठरवलं की सर्व मंडळ्यांनी आपला सगळा दशमांश क्लीव्हलंडला पाठवायचा आणि तिथून तो सर्व पाळकांत न्यायानं वाटायचा.

हा ठराव वाचताना मन भरून येतं. प्रेषितांच्या कृत्यांत आरंभीचे ख्रिस्ती लोक सगळं समाईक ठेवत, त्याचीच ही आठवण. पण वाटपाचा हिशेब कोण ठेवणार, कोण तपासणार, याची तयारी ठरावाएवढी झाली नाही. ज्या पाळकांचा पैसा वर गेला त्यांच्या हाती थोडं परत आलं. तपासणीसाठी समिती नेमली गेली, आणि पाळकांसाठी आलेल्या पैशातला काही भाग पंथाच्या प्रकाशन व्यवसायाकडे वळवला गेल्याचं तिच्या ध्यानात आलं. 1923मध्ये टॉमलिन्सन पदावरून दूर झाले आणि आपल्या अनुयायांसह वेगळे झाले. नाव कुणाचं, मालमत्ता कुणाची, यावर टेनेसीच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं खटले चालले. टॉमलिन्सनमागं गेलेला गट पुढं 'चर्च ऑफ गॉड ऑफ प्रॉफेसी' झाला.

टॉमलिन्सन यांना लबाड ठरवणं सोपं आहे, आणि माझ्या मते चुकीचं आहे. एकाच माणसाकडे विश्वासही सोपवला आणि तिजोरीही, हा दोष त्या महासभेचा होता. मूळ पंथानं पुढं सगळा दशमांश वर मागणं सोडलं आणि दशमांशाचा ठरावीक हिस्सा घेण्याची रीत ठेवली. हा हिस्सा किती, यावर त्यांच्या महासभांत आजही तळमळीनं बोललं जातं. 2008 साली त्यांनी तो 15 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्यानं 10 टक्क्यांवर आणायचं ठरवलं, म्हणजे गावातल्या मंडळीकडे गावासाठी जास्त उरेल. जिथं असा आकडा भर सभेत मतानं ठरतो, तिथं देणाऱ्याला काही किंमत आहे असं मी समजतो.

'असेंब्लीज ऑफ गॉड'नं दुसरा रस्ता धरला. 1914मध्ये आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्ज इथं हा पंथ जमला तेव्हाच केंद्राची सत्ता नको अशी भीती मनात होती. त्यामुळे तिथं मंडळी स्वतंत्र राहते. मुख्यालयाला आणि विभागाला मुख्यतः पाळक आपल्या वैयक्तिक दशमांशातून देतात. परदेशी जाणारा मिशनरी मंडळीमंडळीतून फिरतो आणि दरमहा अमुक देऊ असं वचन मिळवत जातो. हे कष्टाचं आहे, पण देणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंड पाहिलेलं असतं. तरुणांनी मिशनऱ्यांना वाहनं पुरवायची 'स्पीड द लाइट' योजना 1944मध्ये याच पंथात निघाली. महायुद्ध संपल्यावर एक जुनं बॉम्बफेकी विमान घेऊन त्यातून मिशनरी पाठवले गेले.

ब्राझीलमध्ये तर दोन टोकं शेजारी नांदतात. इटालियन स्थलांतरित लुइजी फ्रान्चेस्कोन यांनी 1910मध्ये रुजवलेल्या 'कोंग्रेगसाँव क्रिस्ताँ'त दशमांश मागतच नाहीत. मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, पगार नाही, अर्पण गुप्त, देणाऱ्याचं नाव कुठं लिहायचं नाही. वडील आठवडाभर सुतारकाम, दुकान, नोकरी करतात आणि उपासनेच्या दिवशी मंडळीपुढं उभे राहतात. 1977मध्ये एदिर मासेदो यांनी काढलेल्या 'युनिव्हर्सल चर्च'मध्ये याच्या बरोबर उलट आहे. पैसा वर जातो, पाळकांच्या बदल्या वरून होतात. 1989मध्ये मासेदो यांनी रेकॉर्ड ही दूरचित्रवाणी वाहिनी विकत घेतली. एकाच देशातले, एकाच आत्म्याचं नाव घेणारे हे दोन पंथ पाहिले की पैशाच्या वाटेनंच संस्थेचा स्वभाव ठरतो हे दिसतं.

आता पुन्हा चिलीकडे. 1933च्या सुमारास हूवर यांच्याच पंथात फूट पडली. ते वेगळे झाले आणि मूळ पंथाचं नेतृत्व सान्तियागोच्या जोताबेचे रस्त्यावरच्या मंडळीचे पाळक मान्वेल उमान्या यांच्याकडे गेलं. ही मंडळी वाढत वाढत अवाढव्य झाली. 1974च्या डिसेंबरात तिच्या भव्य मंदिराचं उद्घाटन झालं तेव्हा लष्करशहा पिनोचेत हजर होता. पुढच्या वर्षापासून तिथं राष्ट्रीय आभारप्रार्थना सुरू झाली. दरवर्षी सप्टेंबरात देशाचे सत्ताधारी त्या मंदिरात येऊन बसू लागले.

दशमांशाचा नियम मात्र 1910चाच राहिला: तो पाळकाच्या निर्वाहासाठी. चार घरांची मंडळी होती तेव्हा या नियमानं पाळकाला जेमतेम दोन घास मिळत. हजारो घरांची झाली तेव्हा तोच नियम काय करतो, हे 2018च्या अखेरीस देशाला कळलं. जोताबेचेच्या बिशपांच्या मालमत्तेची चौकशी सुरू झाली. दशमांशातून दरमहा सुमारे 3 कोटी पेसो आपल्याला मिळतात असं त्यांनी स्वतः सांगितलं. तेव्हाच्या दरानं हे 45 हजार डॉलरांच्या आसपास जातात. पैसे लोकांनी स्वखुशीनं दिलेले आणि नियम शंभर वर्षं जुना, हा त्यांचा बचाव. लोकांनी त्यांच्यासमोरच उपासनेत निषेध केला आणि 2019मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

मला अस्वस्थ करतो तो त्या बचावातला खरा भाग. नियम खरंच जुना होता. धुणं धुऊन आलेल्या बाईनं रुमालाच्या गाठीतून नाणं सोडून दिलं, तेव्हा तो नियम पवित्र होता. मंडळी मोठी झाल्यावर भांडारावर पहारा ठेवायचं राहून गेलं, आणि बाईचं नाणं मात्र तितकंच जड राहिलं.

केरळात हाच प्रश्न वेगळ्या अंगानं आला. मुळाकुळा गावचे के. ई. अब्राहम हे शाळामास्तर 1923मध्ये पेन्टेकॉस्टल चळवळीत आले. काही वर्षं त्यांनी रॉबर्ट कुक या अमेरिकन मिशनऱ्याबरोबर काम केलं. 1930मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. परदेशातून मंदिरांसाठी येणारा पैसा आणि त्याबरोबर येणारा परदेशी अधिकार अब्राहम यांना मान्य नव्हता. त्यांच्या नेतृत्वाखालच्या मंडळ्यांची 'इंडियन पेन्टेकॉस्टल चर्च' 1935मध्ये नोंदली गेली. तिचं मुख्यालय आजही कुंबनाडला आहे. कुक 1936मध्ये ज्या पंथात गेले तो क्लीव्हलंडचाच 'चर्च ऑफ गॉड'. म्हणजे टेनेसीत ज्या दशमांशावरून घर फुटलं, त्याच घराची एक शाखा केरळातल्या त्रावणकोरात आली, आणि तिथल्या लोकांनी त्याआधीच पैशाच्या मालकीचा निकाल आपल्यापुरता लावला होता.

आणि मुक्ती? रमाबाईंची दोन्ही रूपं इथं पाहायला हवीत. 1887च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेतल्या गावोगावी मंडळं निघाली, सभासदांनी दहा वर्षं मदत देण्याचं वचन दिलं, कित्येकांनी वर्षाला फक्त एक डॉलर. पुढं मुक्तीचा संसार रमाबाईंनी इंग्लंडमध्ये अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्यासारखा, देवावर हवाला ठेवून चालवला. हा विश्वास पुष्कळांना ठाऊक आहे. पण बोस्टनच्या संस्थेच्या वार्षिक अहवालांत खजिनदाराचा हिशेब छापलेला असे, आणि ते कुणी फारसं सांगत नाही. शारदा सदन या रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला डॉलर देणाऱ्या बाईला तो कुठं गेला हे घरबसल्या वाचता येई. केडगावची पुस्तिका चिलीला पोचली. बोस्टनच्या अहवालांचा हा धडा तिच्याबरोबर गेला असता तर किती बरं झालं असतं असं वाटतं.

शास्त्रात हा धडा नाही असं नाही. नहेम्या यरुशलेमेस परत आला तेव्हा लेव्यांना त्यांचा वाटा मिळाला नव्हता आणि ते पोटासाठी शेतात परतले होते. त्यानं भांडारावर विश्वासू म्हणून नावाजलेली माणसं नेमली; त्यांची नावं तेराव्या अध्यायात लिहिलेली आहेत. पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी ग्रीक मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत होता, तेव्हा एवढ्या रकमेवरून कुणी दोष देऊ नये म्हणून त्यानं मंडळ्यांनी निवडलेले लोक बरोबर पाठवले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आहे.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ज्या मंडळ्या दशमांश देतात, त्यांच्या सभासदांना माझी विनंती आहे. या वर्षीच्या वार्षिक सभेत मलाखीचा तिसरा अध्याय वाचून झाला की करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा हा आठवाही मोठ्यानं वाचा. त्यानंतर मुख्यालयाला किती गेलं, पाळकाला किती मिळालं, आणि विधवा-अनाथांसाठी किती उरलं, हे तीन आकडे फळ्यावर लिहायला सांगा.